गाय, म्हैस, शेळी, मेंढी: दुधाच्या फॅटची तुलना कशी करावी

संकलन केंद्राच्या पावतीवरचा फॅटचा आकडा स्निग्धांश किती, एवढंच सांगतो. तो कसला आहे, ते सांगत नाही. म्हशीच्या आणि मेंढीच्या दुधाला सारखीच ७ फॅट लागली, तरी दोन्हींचं तूप एकसारखं होत नाही. म्हणून आधी प्रमाण मोजायचं, मग प्रकार पाहायचा. आणि त्याही आधी नमुना नीट घ्यायचा, कारण तुलना बहुतेक वेळा तिथेच फसते.

पहिल्या धारांत फॅट जेमतेम १ ते २ टक्के असते, शेवटच्या धारांत ८-१० पर्यंत जाते. सिन्नरच्या गोठ्यातली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीची गाय) पूर्ण पिळलेली आणि इगतपुरीकडची डांगी गाय शेवटच्या धारा वासराला सोडलेली, अशी तुलना केली तर डांगीवर अन्यायच होतो. तेवढ्या दिवसापुरतं वासराला आधी पाजून घ्या आणि कास पूर्ण रिकामी करा. व्यायल्याला महिना उलटलेली आणि आटायला न आलेली जनावरंच निवडा. चिकाच्या दिवसांतलं दूध घेऊ नका.

सकाळ-संध्याकाळचं दूध मात्र त्या-त्या प्रमाणातच मिसळायचं. सकाळी ६ लिटर ३.४ फॅटचं आणि संध्याकाळी ४ लिटर ४.१ फॅटचं असेल, तर खरी फॅट ३.६८ येते, सरळ सरासरीने येणारी ३.७५ नव्हे. १०० मिलीच्या नमुन्यात ६० मिली सकाळचं, ४० मिली संध्याकाळचं, इतकं सोपं आहे. सकाळचा नमुना फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका. निफाडच्या थंडीत साय बाटलीच्या काठाला घट्ट चिकटते. तेव्हा नमुना ४० अंशांपर्यंत कोमट करून, बाटली हळूहळू उलटी-सुलटी करून साय मिसळा आणि मग २७ अंशांपर्यंत निववा. जोरात हलवलं तर लोण्याचे कण सुटतात आणि पुढचा आकडा भरवशाचा राहत नाही.

मोजायला जर्बर पद्धत घ्या, म्हणजे ॲसिडने दूध विरघळवून त्यातली फॅट वेगळी काढून वाचायची पद्धत. दूध तपासणीची मशीनं गाय-म्हशीच्या दुधावर बसवलेली असतात, शेळी-मेंढीचं दूध गायीच्या सेटिंगवर टाकलं की चुकतात. ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत) आधी १० मिली जर्बर ॲसिड (साधारण ९० टक्क्यांचं गंधकाम्ल), मग १०.७५ मिली दूध काचेच्या कडेने सावकाश, शेवटी १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावा, फडक्यात गुंडाळा, ॲसिडने आत झालेलं दही विरघळेपर्यंत हलवा. नळी चांगलीच तापते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. मिनिटाला ११०० फेऱ्यांवर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र), ६५ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं, आणि लगेच वाचन. फॅटच्या थरात काळे कण दिसले तर ॲसिड जास्त तीव्र होतं किंवा दूध गरम होतं. पांढरे कण दिसले तर ॲसिड कमजोर किंवा हलवणं अपुरं. म्हैस-मेंढीसाठी १० टक्क्यांपर्यंतची नळी वापरा. त्याच्याही वर गेलं तर दुधात तेवढंच पाणी घालून तपासा आणि आकडा दुप्पट धरा.

साधारणपणे एचएफला ३.५ च्या आसपास, जर्सीला ४.५ ते ५, गीरला ४ ते ५, म्हशीला ६ ते ८, शेळीला ३.५ ते ४.५ आणि मेंढीला ६ ते ७.५ फॅट लागते. चाऱ्याने हा आकडा हलतो: खुराक वाढला आणि कडबा घटला की फॅट घसरते.

आता प्रकार. चारही दुधं उंच, अरुंद काचेच्या बरण्यांत रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गाय-म्हशीवर सायीची स्पष्ट रेघ येते, शेळीच्या दुधावर फारच पातळ. शेळीच्या दुधातले फॅटचे गोळे लहान असतात आणि त्यांना एकत्र चिकटवणारं प्रथिन त्यात जवळजवळ नसतं. म्हणून शेळीचं लोणी काढायचं तर सेपरेटर (साय वेगळी काढणारं यंत्र) लागतो. साय धरण्याची वाट पाहून काही होत नाही.

रंगात गायीचं तूप पिवळं, कारण चाऱ्यातलं पिवळं रंगद्रव्य, कॅरोटिन, फॅटमध्ये तसंच उतरतं. म्हैस, शेळी, मेंढी त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकतात, त्यामुळे फॅट पांढरी. वासातला फरक मेदाम्लांचा, म्हणजे फॅट ज्यांची बनते त्या आम्लांचा: कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तीन मिळून शेळीच्या फॅटमध्ये साधारण १५ ते १८ टक्के असतात, गायीच्या फॅटमध्ये ५ ते ९. दूध न तापवता ठेवलं किंवा खूप हिंदकळलं की ही आम्लं सुटी होतात आणि उग्र वास येतो. धार काढल्याबरोबर तापवून गार केलेलं शेळीचं दूध फारसं वास मारत नाही. वासाची तुलना करायची असेल तर आदल्या संध्याकाळपासून जनावरांना कांद्याची पात घालू नका. तिचा वास थेट दुधात उतरतो आणि शेळीवर उगाच ठपका येतो.

तुपाची तुलना करताना सगळ्यांना चारा सारखाच ठेवा. सरकी पेंड भरपूर खाल्लेल्या जनावराचं तूप जास्त घट्ट होतं. अशा गायीचं तूप म्हशीच्या तुपाशेजारी ठेवलं, तर फरक जनावराचा की पेंडीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.