मायक्रोस्कोपसाठी खणाची खोळ

नुसत्या सुती खोळीचे तंतू सुटून आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसत होते. म्हणून बाहेरून खण आणि आतून छत्रीचं नायलॉन कापड लावलं.

मायक्रोस्कोप ३८ सेंमी उंच, २० रुंद, २६ खोल. रुंदी-खोलीत ४ सेंमी सैल सोडले, उंचीत काहीच नाही; खोळ टेबलावर लोळली की धूळ ओढते. शिलाईला दोन्हीकडे दीड, खालच्या दुमडीला २ सेंमी धरून पुढची-वरची-मागची सलग पट्टी २७ × ११० आणि बाजूचे दोन तुकडे ३३ × ४१.५. नायलॉनला टाचण्या नकोत, भोकं कायमची राहतात. कपड्यांचे चिमटे पुरतात.

हॅलोजन दिवा पूर्ण थंड झाल्यावरच खोळ घालायची. पावसाळ्यात आत सिलिका जेल हवंच, नाहीतर कोंडलेल्या ओलीने भिंगांवर बुरशी धरते.