शारजातील गाडीच्या छताचा गंजलेला खांब : माझा अनुभव

शारजातील आमच्या घरासमोर गाडीसाठी कापडी छत आहे. त्याचा सांगाडा जस्तलेपित लोखंडी पाइपांचा असून, त्यातील एक खांब तळाशी, वेल्डिंगलगत, गंजून पोकळ झाल्याचे गेल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आले. वाळवंटात पाऊस कमी म्हणून गंजही कमी, हा माझा समज चुकीचा होता. आखाताच्या किनाऱ्यावर हवा दमट असते, पहाटे दव पडते आणि खांबाच्या बुडाशी साचलेली खारट धूळ तो ओलावा धरून ठेवते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यावरचे जस्त आधीच जळून गेलेले असते.

वाऱ्याचा ताण खांबावर येऊ नये म्हणून मी आधी कापड उतरवले, सांगाड्याला टेकू दिले आणि वेल्डरकडून गंजका भाग कापून नवा तुकडा जोडून घेतला. सांधा तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर, मग इपॉक्सी आणि शेवटी पॉलियुरेथेन रंग दिला. नुसते इपॉक्सी उन्हाने भुरभुरीत होते, त्यामुळे हा शेवटचा थर मला अत्यावश्यक वाटतो.

रंगाची वेळ मी फार जपून निवडली. दुपारी लोखंड तापलेले असते, पहाटे ओले असते, आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे लागते. म्हणून दव पूर्ण सुकल्यावरच काम सुरू केले. आता दर महिन्याला खांबांची बुडे गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसतो.