आतड्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि टॅप ब्लॉक: रुग्णाने व नातेवाइकांनी काय करावे

मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, तरी कापलेला भाग बाहेर काढण्यासाठी बेंबीजवळ किंवा ओटीपोटावर काही सेंटिमीटरांचा एक छेद घ्यावाच लागतो. नंतर खोकताना, कुशीवर वळताना आणि खाटेवरून उठताना जी कळ येते ती बहुतांशी या छेदाची असते आणि टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाच्या भिंतीतील नसा बधिर करणारे इंजेक्शन, तिच्यासाठीच दिला जातो.

पोटाच्या भिंतीत दोन्ही बाजूंना स्नायूंचे तीन थर असतात. त्यांपैकी आतल्या दोन थरांमधील फटीतून त्वचेकडे व स्नायूंकडे जाणाऱ्या नसा येतात. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत त्या फटीत ब्युपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन हे बधिरतेचे औषध सोडतात, साधारणपणे प्रत्येक बाजूला २० मिलिलिटर. भूलतज्ज्ञ रफी यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा सुई कमरेजवळच्या खुणेवरून आणि हाताला जाणवणाऱ्या झटक्यावरून घालत असत. आज ती डोळ्यांना दिसते, ही फार मोलाची सुधारणा आहे. रुग्ण बहुधा पूर्ण भुलीत असल्यामुळे सुई टोचल्याचे त्याला कळतही नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ भेटायला येतात, तेव्हा पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात. दाताच्या किंवा अन्य कोणत्या बधिरतेच्या इंजेक्शनाने पूर्वी त्रास झाला असेल तर तो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावे, यकृताचा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, आणि आपले खरे वजन. वजन अंदाजाने सांगू नये. वॉर्डातील काट्यावर करून घ्यावे. ०.२५ टक्के ब्युपिव्हकेनच्या ४० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते आणि दर किलोला २ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली, तर ५० किलोच्या व्यक्तीसाठी ती मर्यादा तेवढ्यातच संपते. सर्जन छेदाच्या कडांना तेच औषध टोचणार असतील, तर तेही याच हिशेबात धरावे लागते. ‘दोन्ही मिळून किती देणार?’ असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती चुकीच्या अपेक्षेची. हा ब्लॉक पोटाची भिंत बधिर करतो. आतड्याला तो बधिर करत नाही. आतून येणारी मुरड, तसेच पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे छाती व पोट यांमधील पडद्याला चुरचुर होऊन खांद्यात उठणारे दुखणे त्याने थांबत नाही. म्हणून ब्लॉकबरोबर पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी घ्यायचेच असते. दुखत नाही म्हणून मात्रा चुकवू नये, कारण एका इंजेक्शनाचा परिणाम बहुधा काही तासांनी, क्वचित दिवसभराने ओसरतो आणि तो ओसरण्याची वेळ हमखास मध्यरात्रीची येते. मॉर्फिनसारखी औषधे लागली तर जरूर घ्यावीत; परंतु ती आतड्याची हालचाल मंदावतात, त्यामुळे त्यांची गरज कमी पडणे हाच ब्लॉकचा मोठा लाभ आहे.

परिचारिका दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगतील, तेव्हा पडून असतानाचा आणि खोकतानाचा असे दोन वेगळे आकडे सांगावेत. ‘सहन होतंय’ या उत्तरावरून उपचार ठरवता येत नाही. वेदना कमी असलेले तास दीर्घ श्वास घेण्यात, छेदावर उशी धरून खोकण्यात आणि चालण्यात घालवावेत. मात्र पहिल्यांदा उठताना माणूस जवळ असलाच पाहिजे, कारण औषध क्वचित मांडीच्या नसेपर्यंत पसरते आणि गुडघा अचानक वाकतो.

जागे असताना तोंडाभोवती मुंग्या येणे, जिभेवर धातूची चव येणे, कानात गुणगुणणे किंवा स्नायू फडफडणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारावी. औषध रक्तात अधिक गेल्याची ती खूण असू शकते आणि त्यावर स्निग्ध द्रावणाचा उपचार लगेच करता येतो. याउलट, कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा वाढले, सोबत ताप आला, नाडी जलद झाली किंवा पोट फुगले, तर ‘ब्लॉक उतरला असेल’ असे स्वतःच ठरवून वेदनाशामक मागू नये. कापल्यानंतर आतड्याची टोके जिथे जोडली त्या जोडाची तपासणी त्याच दिवशी सर्जनकडून करून घ्यावी.