म्हैस अंधारात हरवते तेव्हा: गमतीदार नाटकाच्या प्रकाशयोजनेत या चुका टाळा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात पडलेला चंद्र शोधायला एक म्हैस आणि एक बेडूक निघतात, असं काही बसवायला घेतलं की लाइटवाल्याकडे पहिली मागणी ठरलेली: ‘रंग भरपूर पाहिजेत.’ घोळ इथूनच सुरू होतो. पहिल्याच प्रवेशात जांभळा, हिरवा, गुलाबी सगळं उधळून झालं की चंद्र बोलायला लागतो तेव्हा हातात नवं काही उरत नाही. शिवाय डोळा रंगाला सरावतो. बराच वेळ नुसता निळा ठेवला तर प्रेक्षकाला तो निळा वाटेनासा होतो. म्हणून गोठा, घर, रस्ता साध्या उबदार पांढऱ्यात ठेवा आणि अजब काही घडेल तिथेच रंग आणा.

म्हैस दिसत नाही

काळा पोशाख, मागे काळा पडदा, वरून रात्रीचा निळा. मग म्हशीची फक्त शिंगं हलताना दिसतात. दिग्दर्शक ओरडतो, ‘समोरून वाढव!’ वाढवू नका. त्यानं मागचा पडदा उजळतो आणि चेहरा सपाट होतो, म्हैस आहे तिथंच. मागून-वरून एक लाइट द्या, विंगेतून एक आडवा द्या. अंगाची कड उजळली की ती पडद्यापासून सुटी होते. चेहऱ्यावर साधारण ४५ अंशांतून थोडा उबदार प्रकाश पुरे. खालून मारलात तर म्हशीची राक्षसीण होईल, आणि पुढच्या रांगेतली पोरं रडतील.

बेडूक काळा पडतो

हिरव्या कापडावर लाल प्रकाश पडला की ते काळपट दिसणारच, कारण परत फेकायला हिरवा प्रकाशच तिथं नसतो. जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलेल्या हॅलोजनपेक्षा एलईडी पारचा, म्हणजे डब्यासारख्या एलईडी लाइटचा, लाल जास्त शुद्ध, त्यामुळे हा त्रास तिथं जास्त. महाद्वार रोडवरून कापड आणलं की शिंप्याकडे टाकण्याआधी एक तुकडा त्याच लाइटखाली धरून बघा. पोशाखवाले आणि लाइटवाले एकमेकांना थेट प्रयोगाच्या दिवशी भेटतात, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

चंद्र गोल येत नाही

पार कॅन म्हणजे डब्यासारखा हॅलोजन लाइट; त्याच्यापुढे पुठ्ठा कापून धरला तर कड पुसटच येते, वर पुठ्ठा करपतो तो वेगळाच. स्वच्छ कडेचा गोल हवा तर प्रोफाइल स्पॉट, म्हणजे भिंगानं झोताची कड रेखीव करता येणारा लाइट, लागतो. तो नसेल तर पांढऱ्या कापडाच्या खोक्यात एलईडी बल्ब ठेवा. मला तर हाच चंद्र जास्त आवडतो, कारण म्हशीला तो हातात घेता येतो. चांदण्यांसाठी स्वयंपाकघरातली चाळणी आणि तिच्यामागे एकच छोटा, उघडा, प्रखर एलईडी. दिवा जितका लहान, तितके ठिपके रेखीव.

लाइट फडफडतात

एलईडी पार हॅलोजनच्या डिमरवर (वीज कमी-जास्त करून दिवा मंद करणाऱ्या यंत्रावर) लावलाय का, ते आधी बघा. त्याला थेट वीज द्यायची आणि मंद-तेज डीएमएक्सवरून, म्हणजे कन्सोलवरून लाइटला हुकूम देणाऱ्या केबलवरून, करायचं. डीएमएक्ससाठी माइकची केबल वापरली असेल तर ती बदला आणि शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारा छोटा प्लग) लावा. दोन लाइट एकसारखे नाचत असतील तर दोघांचा डीएमएक्स पत्ता, म्हणजे लाइटवर लावलेला सुरुवातीचा चॅनेल क्रमांक, एकच आहे. सात चॅनेलचे पार असतील तर १, ८, १५ असे पत्ते द्या.

१००० वॅटचा हॅलोजन साधारण ४.३ अँपिअर खेचतो. १५ अँपिअरच्या पॉइंटवर तीन लावा, चौथा नको. ढिला जोडही ठेवू नका, तो तापतो. ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना आगीबद्दल वेगळं सांगायला नको.

ब्लॅकआउट आवरा

दर प्रवेशानंतर काळोख केला की बालप्रेक्षक शिट्ट्या मारतात आणि पुढचं पहिलं वाक्य त्यात बुडतं. पूर्ण अंधार एखाद्याच जागी ठेवा. बाकी ठिकाणी अंधुक निळ्यातच बेडकाला सामान हलवू द्या, आणि तेही उड्या मारतच.