साथीच्या दिवसांत डॉक्टरांना फोनवरून पेशंट कसा दाखवावा

फोनवरच्या डॉक्टरांना छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही, पोट दाबून बघता येत नाही. पेशंट दारातून आत येताना कसा चालला, हेही त्यांना दिसत नाही. एरवी पेशंट खुर्चीत बसेपर्यंत त्यांनी बराचसा अंदाज बांधलेला असतो. फोनवर मात्र हे बघण्या-मोजण्याचं काम घरातल्या माणसाकडे येतं. म्हणून कॉल लावण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं कॉलइतकीच महत्त्वाची. माझ्या मते थोडी जास्तच.

फोन की दवाखाना?

छातीत दुखतंय, धाप लागून वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर पडलेत, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा हाक मारूनही नीट जागा होत नाही, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही... यातलं काहीही दिसलं तर अ‍ॅप उघडत बसू नका. महाराष्ट्रात १०८ लावा. साथ आली म्हणून हार्ट अटॅक आणि पक्षाघात यायचे थांबत नाहीत.

ताप, सर्दी-खोकला, जुलाब, अंगावरचं पुरळ, रिपोर्ट दाखवणं, बीपी-शुगरच्या चालू गोळ्या यांसाठी फोन पुरतो. पोटात खूप दुखत असेल तर मी फोनवर विसंबणार नाही. तिथे हात लावल्याशिवाय फारसं काही कळत नाही.

कुणाला लावायचा?

पहिला फोन नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना. भारतात टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांची, नियमावली २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभरचा लॉकडाउन सुरू झाला त्याच दिवशी आली, आणि तिनेही ओळखीच्या पेशंटला झुकतं माप दिलं आहे. प्रत्यक्ष दाखवल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांशी त्याच दुखण्यासाठी पुन्हा बोलत असाल तर तो फॉलोअप धरला जातो आणि चालू औषधं पुढे लिहून देणं डॉक्टरांना सोपं जातं. पहिल्यांदाच बोलणाऱ्या पेशंटला काही औषधं व्हिडिओवर बघितल्याशिवाय देता येत नाहीत. मॉर्फिनसारखी औषधं तर फोनवरून मुळीच देता येत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालू नका.

डॉक्टर भारतात नोंदणी झालेले हवेत. अमेरिकेतल्या डॉक्टर भाच्याला जरूर विचारा, तो धीर देईल आणि रिपोर्ट समजावूनही सांगेल. पण त्याच्या चिठ्ठीवर इथल्या मेडिकलवाल्याने औषध देणं अपेक्षित नाही.

ओळखीचे डॉक्टर नसतील तर सरकारची ई-संजीवनी ओपीडी आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेली ही सेवा एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. पैसे लागत नाहीत. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, पेशंटची माहिती भरून टोकन घ्यायचं आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. बोलणं झालं की चिठ्ठी उतरवून घेता येते.

मोजमाप

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तोही ऑक्सिमीटरवर.

पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा. नेलपॉलिश पुसा. हात गार असतील तर चोळून ऊब आणा. बोट आत सरकवून हात छातीच्या उंचीवर, स्थिर. पहिला दिसेल तो आकडा लिहू नका. मिनिटभर थांबा, आकडा ठरला की मग लिहा. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि दुसरा नाडीच्या ठोक्यांचा. नाडी ९८ आणि ऑक्सिजन ८९ असताना "अठ्ठ्याण्णव आहे, छान" म्हणून फोन ठेवला जाऊ शकतो. आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हेच: काड्याकाड्यांचे इंग्रजी आकडे दाखवणाऱ्या स्वस्त मशीनवर ८६ हा आकडा उलट्या बाजूने वाचला तर ९८ दिसतो. म्हणून आधी पडद्यावरची अक्षरं सुलट दिसतात का ते बघा, मग आकडा.

कोविडमध्ये घरी असलेल्या पेशंटचा ऑक्सिजन ९४च्या खाली गेला की डॉक्टरांना लगेच कळवायचं, असा दंडक होता. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. बसल्या जागी आकडा ठीक असेल तर सहा मिनिटं चालण्याची चाचणी उपयोगी पडते. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने २०२१ मध्ये ती सुचवली होती. घरातल्या घरात, सपाट जागी, न थांबता चालायचं आणि आधीचा-नंतरचा आकडा बघायचा. तीनपेक्षा जास्तने उतरला किंवा ९३च्या खाली गेला, तर दवाखाना. ज्याला बसल्या बसल्या धाप लागते त्याला चालवू नका. दम्याच्या पेशंटलाही नको.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा. पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात २४ किंवा त्याहून जास्त भरले तर ही गोष्ट डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

बीपी चहानंतर अर्ध्या तासाने, पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकवून. ताप घेताना गोळी किती वाजता दिली तेही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही.

वही

शाळेची एखादी शंभरपानी पुरे. वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, दिलेली गोळी, किती पाणी पोटात गेलं, लघवी किती वेळा झाली. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो नाव असलेल्या बाजूने काढा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, आणि चाळीस फोटो एकदम पाठवू नका. शेवटची चिठ्ठी आणि नवे रिपोर्ट एवढंच कॉलच्या आधी जाऊ द्या.

कॉल

उजेड पेशंटच्या तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. सुरुवात अशी करा: "वय ६८, बारा वर्षं मधुमेह, चार दिवस ताप. काल रात्री १०१, आज सकाळी ऑक्सिजन ९५. चालू गोळ्यांचा फोटो पाठवलाय. काल एकदा उलटी झाली." एवढं झालं की गप्प बसा आणि पेशंटला बोलू द्या, कारण त्याच्या दमावरूनही डॉक्टरांना कळतं. आजोबा "मला काही झालेलं नाही" म्हणतील, तेही ऐकू द्या. पेशंट लहान मूल असेल तर मोठ्या माणसाने शेजारी बसायलाच हवं. व्हिडिओ अडकत असेल तर साध्या कॉलवर या.

फोन ठेवण्याआधी दोन प्रश्न विचाराच. पुन्हा कधी फोन करू? आणि काय दिसलं तर फोन न करता थेट हॉस्पिटल गाठू? औषधं आणि वेळा वाचून दाखवा, चूक असेल तर तिथेच कळेल. प्रत्यक्ष दाखवायची इच्छा असेल तर तसं स्पष्ट सांगा. यायला तयार असलेल्या पेशंटवर डॉक्टरांनी फोनचाच आग्रह धरू नये, असं नियमावलीच सांगते.

चिठ्ठी आल्यावर

पेशंटचं नाव, वय, तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक तपासा. फी दिली असेल तर पावती मागा. आणि ही चिठ्ठी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटना होतो, सौम्य आजारात नाही, हे जून २०२० मध्येच दिसलं होतं. तरी दुसऱ्या लाटेत दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून स्टेरॉइड खाल्ली गेली. मधुमेहींची शुगर त्याने वाढते, आणि वाढलेली शुगर व स्टेरॉइड ही जोडी काळ्या बुरशीच्या आजाराला वाट करून देते.

ताप उतरला की मोजणं बंद करायचा मोह होतो. कोविडमध्ये बऱ्याच जणांची तब्येत पहिला आठवडा सरता सरता बिघडली, त्यामुळे डॉक्टर सांगतील तोवर वही चालू ठेवा. दाखल करायची वेळ आली तर ती पेशंटच्या पिशवीत घाला, आणि तिच्या पानांचे फोटो आपल्याकडे ठेवा. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नाहीत तेव्हा "मधुमेहाची कोणती गोळी चालू होती?" हा प्रश्न पेशंटलाच विचारला जातो.