वर्डप्रेसवर मराठी साइट: थीम नंतर, आधी पत्ता

वर्डप्रेस हे सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम आहे. सीएमएस म्हणजे काय, तर मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, दिसणं थीम ठरवते आणि तुम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन करून लिहिता. एचटीएमएलला, म्हणजे वेबपानांच्या कोडला, हात लावावा लागत नाही. द्रुपल आणि जूमलाही हेच करतात, पण वाचनालयाची, सोसायटीची किंवा छोट्या संस्थेची साइट करायची असेल तर तुलनेत आठवडा घालवू नका. वर्डप्रेस २००३ पासून आहे, मराठीत आहे आणि अडलं तर विचारायला कुणीतरी सापडतं.

डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेतलेलं आहे असं धरतो. बहुतेक होस्टिंगच्या पॅनलमधून वर्डप्रेस दोन-चार क्लिकमध्ये बसतं.

मग 'सेटिंग्ज'मधलं 'जनरल' उघडा. साइटची भाषा मराठी करा, पण स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजीच ठेवा. नेटवरचा प्रत्येक सल्ला बटणांची इंग्रजी नावं सांगतो. टाइमझोन कोलकाता निवडा. तो शून्यावर राहिला तर सकाळी नऊसाठी लावलेली पोस्ट दुपारी अडीचला उगवते.

यानंतर जो तो थीम शोधायला धावतो. धावू नका. 'सेटिंग्ज'मध्येच 'परमालिंक', म्हणजे पोस्टच्या पत्त्यांचं पान, उघडा, 'पोस्ट नेम' निवडा, सेव्ह करा. आणि पुढचं नीट वाचा, कारण इथे मी सपशेल आपटलो होतो.

पोस्टच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा म्हणजे स्लग. तो तुम्ही लिहिला नाही तर वर्डप्रेस शीर्षकावरून बनवतं. शीर्षक मराठी असेल तर स्लगही देवनागरी होतो. ब्राउझरच्या पट्टीत तो छान दिसतो, पण साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्के-चिन्हांच्या सांकेतिक रूपात जातं आणि नऊ जागा खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' या एका शब्दाला ९० जागा लागतात. डेटाबेसमध्ये स्लगसाठी जागा आहेत २००. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. त्यापुढचं वर्डप्रेस न सांगता छाटतं.

एका वाचनालयाच्या साइटवर मी 'वार्षिक सर्वसाधारण सभा २०२२' अशी सूचना टाकली. स्लग झाला 'वार्षिक-सर्वसाधारण-सभा-२'. साल मावलंच नाही, त्यातला पहिला दोन तेवढा आत शिरला. पुढच्या वर्षीच्या सूचनेचंही तेच झालं, आणि नाव आधीच घेतलेलं म्हणून वर्डप्रेसने मागे इंग्रजी दोन जोडला. एक मराठी दोन, एक इंग्रजी दोन, आणि २०२३ कुठेच नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक टक्क्यांनी भरलेली, चार ओळी लांब. ज्येष्ठ सभासदांना तो व्हायरस वाटला. त्यांचं काय चुकलं?

म्हणून माझा नियम: शीर्षक मराठीत, स्लग रोमन लिपीत, दोन-चार शब्दांचा, आणि तो प्रकाशित करण्याआधी हाताने लिहायचा. 'देवनागरी पत्ता म्हणजे मराठीचा अभिमान' हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. अभिमान शीर्षकात दाखवा, मजकुरात शुद्धलेखन सांभाळून दाखवा. पत्ता पोचण्यासाठी असतो.

'नंतर बदलू' असं तर मुळीच म्हणू नका. प्रकाशित पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं. सतत बदलणारं ते पोस्ट, कायमचं ते पेज, आणि पेजसाठी ही सोय नाही. मला हे माहीत नव्हतं. एका संध्याकाळी उत्साहाने सगळे स्लग सुधारले. पोस्ट व्यवस्थित उघडल्या. नियमावलीचं पेज मात्र जुन्या पत्त्यावर सापडेना, आणि त्याच पत्त्याचा क्यूआर कोड सभासदत्वाच्या अर्जावर छापून झाला होता. गठ्ठे कपाटात पडलेले. शेवटी रिडायरेक्टचं प्लगइन (वर्डप्रेसला जास्तीची सोय देणारी जोड) टाकून जुने पत्ते एकेक करून नव्यांना जोडले. तुमच्यावर ही वेळ आलीच तर तेच करा, पण आधी जुन्या पत्त्यांची यादी एका शीटमध्ये उतरवून ठेवा. मी ती न करता गूगलच्या निकालांतून पत्ते वेचत बसलो होतो.

वर्गवारीचे स्लगही असेच रोमनमध्ये लिहा. फोटोंच्या फाइलना अपलोड करण्याआधीच रोमन नावं द्या. होस्टिंग बदलताना देवनागरी नावांचा चुथडा होऊ शकतो.

आता थीम. कुठलीही हलकी, नियमित अपडेट होणारी घ्या. फक्त डेमोतल्या इंग्रजी मथळ्यांवर भाळू नका, तिथे 'ज्ञानेश्वर', 'उद्घाटन' टाकून बघा. मथळ्याच्या अक्षरांत जास्तीचं अंतर सोडणाऱ्या थीममध्ये शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

प्लगइन पाच-सहा पुरतात.

बॅकअप दोन गोष्टींचा हवा: डेटाबेस आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर. नुसतं फोल्डर उतरवून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे फोटो राहतात, लेख जातात.

आणि साइट खुली करण्याआधी 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची टिक काढा. काम चालू असताना ती लावलेली असते आणि मग महिनाभर अध्यक्ष विचारत राहतात, गूगलवर आपण का दिसत नाही.