कोल्हापुरात परवडणारं भाड्याचं घर शोधताना

आधी कामाचं ठिकाण धरून भाग ठरवा. नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आणि खोली फुलेवाडीत घेतली, तर रोज सगळं शहर पार करावं लागतं. भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात. गोकुळ शिरगावसाठी उजळाईवाडी, आर. के. नगर, मोरेवाडी बघा. शिरोलीला जाणाऱ्यांनी उचगाव, कदमवाडी बघावी. विद्यापीठाजवळ सागरमाळ, राजारामपुरी सोयीची, पण जून ते ऑगस्टमध्ये प्रवेशाची गर्दी असते आणि घरमालक भाव सोडत नाहीत. परीक्षा संपून मुलं गावी गेली, की एप्रिल-मेमध्ये खोल्या रिकाम्या होतात. घासाघीस करायची ती तेव्हा.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या कितीतरी खोल्यांची जाहिरात कधी होतच नाही. गल्लीतला किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, तालमीच्या कट्ट्यावर बसणारी माणसं यांना कोणाचा वरचा मजला मोकळा आहे ते ठाऊक असतं. सरळ विचारा, लोक सांगतात. एजंटकडे गेलात तर दलाली किती, ते पहिलं घर बघण्याआधी ठरवा. आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, टोकन पाठवा, चावी कुरिअर करतो’ असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

घर शेजारच्यापेक्षा बरंच स्वस्त असेल, तर का स्वस्त ते शोधून काढा. कोल्हापुरात पहिला संशय पुराचा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग इथे तळमजला बघताय, तर भिंती निरखा. कमरेइतक्या उंचीपर्यंतच रंग ताजा आहे, प्लास्टरला फुगवटे आलेत, स्विचबोर्ड नेहमीपेक्षा वर चढवलेत, लाकडी चौकट खालून कुजलीय, या सगळ्या पुराच्या खुणा. तरी खात्री होत नसेल, तर शेजारच्या आजींना विचारा, ‘2019 ला पाणी कुठवर आलं होतं?’ त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. त्याच इमारतीत दुसरा मजला मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण गाडी कुठे हलवायची आणि मीटर कुठे बसवलाय, ते विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘पाणी येतं’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. किती वाजता येतं, रोज की दिवसाआड, हौद आहे का, मोटार कोण चालू करतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं? पाणी यायच्या वेळीच घर बघायला जा आणि नळ स्वतः सोडून बघा. पाचगाव, मोरेवाडीच्या बाजूला हे विचारायला विसरू नका. तिथे महापालिकेची हद्द संपून ग्रामपंचायत लागते.

लाइटचं म्हणाल, तर स्वतंत्र मीटर आहे का ते बघा. सबमीटर असेल, तर युनिटचा दर आताच ठरवा आणि महावितरणचं मागचं बिल मागून घ्या. भांडणं याच्यावरूनच होतात.

करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी करूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लेखी करार आणि नोंदणी बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. लेखी, नोंदणी केलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे मालकांना शांतपणे सांगितलं, की बरेच तयार होतात. खर्चही फार नाही. भाडं 8000 आणि डिपॉझिट 30,000 धरलं, तर 11 महिन्यांचं भाडं 88,000, त्यात शुल्कासाठी डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं 11 महिन्यांचं व्याज 2750. एकूण 90,750 वर 0.25 टक्के म्हणजे साधारण 227 रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000 रुपये, ग्रामीण भागात 500. काम ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होतं. घरी येऊन करून देणारे त्यांची फी वेगळी घेतात.

करारात डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, रंगाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, हे तिन्ही लिहून घ्या. ‘ते बघू नंतर’ म्हणणाऱ्या मालकाला डिपॉझिट देऊ नका. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, भाड्याची पावती मागा. चावी हातात आली, की सामान चढवायच्या आधी प्रत्येक खोली, नळ, फरशीचे तडे, छतावरची ओल आणि मीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.